आतल्या फासळ्या

समुद्र नसलेल्या गावात जहाज बांधायला घेतले की लोक हसतात. हे हसणे फार जुने आहे. हजरत नूह अलैहिस्सलाम यांनी जहाजासाठी लाकूड जोडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या कौमचे सरदार जाता-येता थट्टा करीत होते, ही हकिकत आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली आहे. आम्हां चार मित्रांच्या वाट्याला आलेली थट्टा त्या मानाने अगदीच सौम्य. आमचे जहाज हातभर लांबीचे, तेही काचेच्या कपाटात ठेवायचे. आमच्या शहरापासून, म्हणजे कालच्या औरंगाबादपासून आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरपासून, मुंबईचा समुद्र रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक दूर. चौघांचीही उमर खुर्चीवर बसून कागद हलवण्यात गेलेली. रंधा आणि करवत यांच्याशी ओळख अलीकडची. तेव्हा ‘या वयात हे काय खूळ?’ असे घरच्यांनी विचारले, तर ते रास्तच म्हणावे लागेल.

पण या खुळातून एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आणि तो काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जे काम कोणाच्याच नजरेस पडणार नाही, ते नीट का करावे?

लाकडी जहाजाची प्रतिकृती बांधण्याची रीत आधी थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण प्रश्न तिथेच दडलेला आहे. प्रथम कणा, म्हणजे जहाजाच्या तळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी पट्टी. कण्याला खाचा पाडून त्यांत आडव्या फासळ्या बसवायच्या. माशाचा सांगाडा डोळ्यांपुढे आणला की पुरे. मग या फासळ्यांवर बाहेरून अरुंद फळ्या एकामागून एक चिकटवायच्या. फळी सरळ असते आणि जहाजाचे अंग गोलाईचे. म्हणून फळी पाण्यात भिजवायची, वाफ द्यायची, हळूहळू वाकवायची आणि सरस वाळेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. पुढच्या टोकाकडे जहाज निमुळते होते, तिथे प्रत्येक फळीही तासून निमुळती करावी लागते. उजवीकडे एक फळी बसली की दुसरी डावीकडे. एकाच बाजूच्या फळ्या लावत गेले तर त्यांच्या ताणाने कणा पिळतो आणि जहाज जन्मभर मान वाकडी करून बसते.

या सगळ्याच्या आधी फासळ्यांच्या कडा घासाव्या लागतात. प्रत्येक कड अशी तिरपी उतरली पाहिजे की फळी तिच्यावर पूर्ण टेकेल. त्यासाठी एक लवचीक पट्टी सगळ्या फासळ्यांवरून धरून पाहायची. एखाद्या फासळीवर ती अधांतरी राहिली तर ती फासळी खोल. एखाद्या ठिकाणी उचलली गेली तर ती उंच. उंच असेल ती घासायची, खोल असेल तिच्यावर लाकडाची कपची चिकटवून पुन्हा घासायची. हे काम आठवडेच्या आठवडे चालते. शेवटची फळी बसली की फासळ्या कायमच्या झाकल्या जातात. त्यांच्याकडे परत कोणी पाहत नाही; कोणाला पाहताच येत नाही.

नेमका इथेच शिकाऊ माणसाला सैतान भेटतो आणि त्याच्या हातात लांबीचा डबा असतो. तो म्हणतो, फासळी खोल राहिली तर राहू द्या. वरून फळी मारा, खड्डा पडला तर लांबी भरा, पॉलिश पेपर फिरवा, रंग द्या. कोणाला कळणार आहे? आणि सैतानाचे म्हणणे खोटे नाही, खरोखरच कळत नाही. हे जहाज पाण्यात जाणार नाही, त्यात कोणी बसणार नाही, ते कोणी विकत घेणार नाही. मग तीन-तीन रविवार फासळ्या घासण्यात घालवणे शहाणपणाचे की वेडेपणाचे?

आम्ही जे जहाज निवडले, त्याची कथाच या प्रश्नाशी जोडलेली आहे. आमच्या जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. दोन्ही टोके उंच, शिडे उभारलेली, मागे सुकाणूची वल्ही आणि रांगेने ठेवलेले रांजण. शहराला लागून असलेल्या औरंगाबाद लेण्यांतही, सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, अवलोकितेश्वराभोवती संकटात सापडलेली माणसे कोरलेली आहेत. कोणी आगीत, कोणी हत्तीपुढे, कोणी सापापुढे, तर कोणी बुडत्या जहाजावर. डोंगराच्या पोटात समुद्र कुठून आला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या पैठणजवळ आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तकात पैठण हे भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. इथला माल बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून बंदरावर जाई आणि तिथून जहाजावर चढे. समुद्र कधी न पाहिलेल्या आपल्या मुलखातल्या माणसांचे नशीबही कुठल्या तरी जहाजाच्या फळ्यांवर तरंगत होते.

अजिंठ्याची चित्रे पुढे निजामाच्या राज्यात आली. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत त्यांचे मोठे ग्रंथ सिद्ध केले. बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांतली चित्रे एका मुसलमान विद्वानाने आयुष्य घालून जगापुढे मांडावीत, यात त्या काळच्या लोकांना काही नवल वाटले नसावे. आज ते मुद्दाम सांगावे लागते, एवढेच.

परंतु चित्रात जहाजाचे बाहेरचे अंग दिसते. आतले दिसत नाही. फळ्या कशा जोडल्या, फासळ्या किती होत्या, कशाने बांधल्या, हे चित्रकाराने काढले नाही. तो काढणार तरी कसा? जुलै २०२३ मध्ये केंद्राचे सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांनी या चित्रावरून खरेखुरे जहाज बांधण्याचा करार केला, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. जुना नकाशा नाही, मोजमाप नाही. १२ सप्टेंबर २०२३ रोजी कणा घातला गेला. केरळचे बाबू शंकरन यांच्या हाताखाली कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोराने शिवल्या. पाण्यात हे जहाज कसे वागेल याची परीक्षा मद्रासच्या आयआयटीत आधी छोट्या प्रतिकृतीवर घेण्यात आली. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते मस्कतला पोचले. जहाज सुमारे वीस मीटर लांबीचे आहे. एकास पन्नास या प्रमाणात आमच्या टेबलावर ते चाळीस सेंटिमीटरचे होते.

आता जरा विचार करावा. दीड हजार वर्षे भिंतीवर टिकले ते जहाजाचे बाहेरचे रूप. आतली शिवण कशात टिकली? ती केरळच्या आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरच्या कारागिरांच्या हातांत टिकली. बापाने लेकाला दाखवायचे, लेकाने त्याच्या लेकाला. १९८० साली ओमानमध्ये ‘सोहार’ नावाचे असेच शिवलेले जहाज बांधले गेले, तेव्हाही शिवणकामासाठी लक्षद्वीपची माणसे न्यावी लागली होती. त्यांची नावे भिंतीवर नाहीत. दिसणाऱ्या गोष्टीला चित्रकार भेटतो, कवी भेटतो. न दिसणाऱ्या गोष्टीला फक्त ती पुन्हा करणारा माणूस भेटला तरच ती जगते.

एक खुलासा इथे करायला हवा. जुन्या शिवलेल्या जहाजांत क्रम उलटा असे. आधी फळ्यांचे कवच शिवायचे आणि मग आत फासळ्या बांधायच्या. नुसत्या नजरेने फळीला वळण देणे हे पिढीजात हाताचे काम आहे. नवख्याला आधी फासळ्यांचा आधार लागतो, म्हणून आम्ही फासळ्यांपासून सुरुवात केली. शिवण दाखवण्यासाठी फळ्यांना सुईएवढी छिद्रे पाडून दोरा ओवला, एवढीच आमची मजल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न दिसणारे काम नीट का करावे, याची तीन उत्तरे आपल्याकडे दिली जातात.

पहिले उत्तर आपल्याला पाठ आहे: अल्लाह पाहतो आहे. हे उत्तर खरे आहे, पण आपण ते ज्या तऱ्हेने वापरतो त्याबद्दल आम्हाला शंका आहे. चौकाचौकांत कॅमेरे बसले तेव्हा लोक कॅमेऱ्यापुरते सरळ गाडी चालवू लागले. ईश्वराच्या नजरेलाही आपण असाच कॅमेरा करून टाकले आहे. भीतीने नीट केलेले काम भीतीपुरतेच नीट असते. आपल्या परंपरेत यासाठी ‘इहसान’ हा शब्द आहे आणि त्या शब्दाच्या मुळाशी हुस्न आहे, म्हणजे सौंदर्य, उत्तमपणा. कोणी तरी पाहतो आहे हे भान ही पहिली पायरी झाली. काम उत्तम व्हावे अशी ओढ लागणे हा खरा मुक्काम. पहिल्या पायरीवरच घर बांधून राहणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

दुसरे उत्तर व्यवहारी माणसाचे: आतला दोष आज ना उद्या बाहेर येतोच. पुष्कळदा येतो. फासळी उंच राहिली तर फळीवर टेंगूळ दिसते. वाफ न देता जबरदस्तीने वाकवलेली फळी महिन्याभराने आपले मूळचे सरळपण आठवून उघडते. आम्हाला लाकूड ओळखायला शिकवणारे मोहल्ल्यातले सुतारचाचा म्हणत, “जबरदस्ती नको करो मियाँ, लकडी याद रखती.” पण प्रत्येक दोष बाहेर येतोच असे नाही. लांबी आणि रंग यांची ताकद कमी लेखू नये. कपाटातले जहाज पन्नास वर्षे आतून पोकळ राहील आणि पाहुणे त्याची तारीफ करीत राहतील. पकडले जाऊ म्हणून प्रामाणिक राहायचे असेल, तर न पकडले जाण्याची खात्री झाल्यावर प्रामाणिकपणा संपतो.

तिसरे उत्तर आम्हाला अधिक जवळचे वाटते: अमानत. दुसऱ्याचा भरवसा आपल्या कामावर आहे, म्हणून ते नीट करायचे. हे समजायला आपल्या समाजाला लांब जावे लागत नाही. १९९५ साली बंद होईपर्यंत मुंबई ते जेद्दा हा हजचा प्रवास जहाजानेही होत असे. मराठवाड्यातली कितीतरी म्हातारी माणसे, ज्यांनी गोदावरीपलीकडे मोठे पाणी पाहिले नव्हते, अशा जहाजांवर चढली. घरच्यांकडून माफी मागून, देणी फेडून, कफन सोबत घेऊन निघालेली ही माणसे अल्लाहच्या भरवशावर होती, हे खरेच. पण त्याच वेळी ती कोण्या अनोळखी जोडाऱ्याच्या भरवशावरही होती. जहाजाच्या पोटात पत्रा जोडताना त्याने कंटाळा केला नसेल, या गृहीतकावर शेकडो माणसे दर्यावर झोपत होती. त्याने यांना पाहिले नव्हते, यांनी त्याला. त्या दोघांमधले नाते म्हणजे अमानत.

पण आमच्या जहाजावर तर कोणीच चढणार नाही. मग तिथे अमानत कोणाची?

आम्हाला सापडलेले उत्तर असे: हाताची. खेळणे कोणते आणि खरे कोणते, हे हाताला कळत नाही. त्याला फक्त सवय कळते. लांबी भरून निभावून नेण्याची सवय हाताला खेळण्यात लागली, तर खऱ्या कामात तो परवानगी मागायला येत नाही. आणि उलटेही तितकेच खरे. जिथे पगार नाही, गिऱ्हाईक नाही, तपासनीस नाही आणि कोणाच्या जिवाला धोकाही नाही, अशा जागी जो फासळी घासतो, त्याच्या हातात काही तरी मुरते. प्रतिकृतीचा उपयोग काय, या प्रश्नाला हेच उत्तर आहे. मद्रासला छोट्या जहाजावर मोठ्या जहाजाची परीक्षा घेतली गेली. छोट्या जहाजावर माणसाचीही परीक्षा होते.

याचा अर्थ प्रत्येक न दिसणारी गोष्ट देखणी असली पाहिजे, असा मात्र नाही. हा फरक आपल्या शहरातले विणकर जाणतात. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तिची वीणच तशी. हिमरूचे तसे नाही. हिमरू उलटे करून पाहिले तर मागे सुटे धागे दिसतात. पण त्या धाग्यांमुळेच ते कापड अंगाला मऊ लागते. म्हणून हिमरू खोटे आणि पैठणी खरी असे कोणी म्हणणार नाही. मागच्या बाजूने आपले काम केले की झाले. फासळीही गुळगुळीत नसली तरी चालते, तिने फळीला आधार मात्र दिला पाहिजे. लांबीचेही तसेच. खऱ्या जहाजात दोन फळ्यांमधल्या फटी तंतू आणि राळ घालून बुजवतातच, ती लबाडी नव्हे. फट बुजवणे वेगळे आणि जिथे आधार हवा तिथे आधाराचा देखावा उभा करणे वेगळे.

आपल्या शहराचा इतिहासच न दिसणाऱ्या कामावर उभा आहे. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला, समुद्र ओलांडून दख्खनेत आलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली. त्याच्या नहर-ए-अंबरीने जमिनीखालून शहरात पाणी आणले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीचे पाणीही डोंगराकडून मातीच्या नळांतून, जमिनीखालूनच आणलेले. पर्यटक हौद पाहतो, पाण्याची धार पाहतो, फोटो काढतो. नळाचा एकेक तुकडा अंधारात जोडणाऱ्या माणसाने सांधा कच्चा सोडला असता, तर ही धार कधीच पडली नसती. आणि आज? स्लॅबमध्ये किती सळई पडली हे सिमेंट ओतल्यावर कोणाला दिसते? वर्गाचे दार लागल्यावर मास्तर काय शिकवतो, जमातीच्या चंद्याच्या वहीत काय लिहिले जाते, दवाखान्यातली उपकरणे कशी निर्जंतुक केली जातात, ही सगळी आतल्या फासळ्यांचीच कामे आहेत. समाज बाहेरच्या रंगावर भांडतो आणि आतून खचतो.

शिकाऊ माणसाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. नवख्याचे काम ओबडधोबड होणार. त्याच्या फळीची धार सरळ येणार नाही, शिवण एका रेषेत बसणार नाही. अनाडीपणा हा गुन्हा नव्हे. वाकडे पण मन लावून केलेले काम आणि सफाईने केलेली फसवणूक, यांत पहिले केव्हाही वरचे. दुर्दैवाने आपण मुलांना उलटे शिकवतो. शाळेतून ‘प्रोजेक्ट’ येते, मुलाने जहाज करून न्यायचे असते. बाप दुकानातून तयार जहाज आणून देतो किंवा रात्री जागून स्वतः करतो, आणि गुण त्या सफाईदार जहाजाला मिळतात. ज्याने काड्या चिकटवून स्वतः वेडेवाकडे केले, तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. दोघेही त्या दिवशी धडा शिकतात. पहिला शिकतो की बाहेरून दिसले म्हणजे झाले. दुसरा शिकतो की हाताने करू नये.

हा दुसरा धडा आपल्या समाजाला विशेष महाग पडला आहे. दर्जी हजरत इद्रीस यांचे नाव घेतो, लोहार हजरत दाऊद यांचे, सुतार हजरत नूह यांचे; पैगंबरांना हाताने काम करणारे मानणाऱ्या कौममध्ये कारागिराला बैठकीत मात्र मागे बसवले जाते. विणकर, पिंजारी, लोहार, सुतार यांची मुले शिकून पुढे गेली, हे चांगलेच झाले. पण बापाचा धंदा सांगताना त्यांचा आवाज खाली का जावा? खुर्चीवर आयुष्य काढलेल्या माणसाने एकदा तरी फळी वाकवून पाहावी, ती याचसाठी. ज्याला आपण ‘कमी शिकलेला’ म्हणतो, त्याच्या बोटांत किती इल्म आहे, हे पुस्तकातून कळत नाही. पंधरा मिनिटे चिमटा धरून बसल्यावर कळते.

तेव्हा समुद्र नसलेल्या गावात जहाज बांधावे की नाही? बांधावे, आणि फासळ्या घासून बांधावे. ते तरंगणार नाही. पण ज्यांचे खरे जहाज कोणाच्या तरी हातावर अवलंबून आहे अशी माणसे आपल्या घरात, मोहल्ल्यात, शहरात रोज आहेत. त्यांनी आपल्याला काम करताना पाहिलेले नसते आणि ती पाहायला येणारही नाहीत. आपण आत काय केले असेल याची विचारपूस न करता ती निमूटपणे चढतात.